शहरात कुत्रा पाळताना: शिकवण आणि माणसाळवणं यांबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यातून जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात ते इथे एकत्र केले आहेत. गल्लीतलं भिंतीला भिंत लागून असलेलं घर, अपार्टमेंटचा तिसरा मजला आणि गावाबाहेरचा मळा यांना एकच उत्तर लागू पडत नाही. जिथे फरक पडतो तिथे तसं सांगितलं आहे. आधी पिल्लाचे प्रश्न, मग रस्त्यावरचे, शेवटी अवघड.

१. पिल्लू किती दिवसांचं झाल्यावर घरी आणावं? आणि शिकवायला कधी घ्यायचं?

आठ आठवडे पूर्ण झाल्यावर आणा. तीस-पस्तीस दिवसांचं पिल्लू “दूध सुटलंय, घेऊन जावा” म्हणत देणारे सगळीकडे भेटतात. त्यांचं ऐकू नका. पाचव्या ते आठव्या आठवड्यात पिल्लू भावंडांशी खेळताना दात किती जोरात लावायचे हे शिकतं. जोरात चावलं की समोरचं केकाटतं आणि खेळ मोडतो. हा धडा चुकलेलं पिल्लू पुढे जास्त जोरात चावतं (प्रश्न ५). शक्यतो पिल्लाची आई डोळ्यांनी बघा. अनोळखी माणूस दिसताच ती कोपऱ्यात दडत असेल किंवा धावून येत असेल, तर पिल्लू कितीही गोंडस असलं तरी दुसरं शोधा.

शिकवण पहिल्या दिवसापासून सुरू होते. “सहा महिने झाले की ट्रेनिंग” हा सल्ला गळा आवळणाऱ्या साखळीच्या काळातला आहे, कारण लहान मान ती साखळी सोसत नसे. खाऊ देऊन शिकवताना अशी अडचण येत नाही.

२. डॉक्टर म्हणतात लसी पूर्ण होईपर्यंत बाहेर काढू नका. तुम्ही म्हणता लवकर माणसाळवा. नक्की काय करायचं?

दोन्ही करायचं. डॉक्टर म्हणतात ते “जमिनीवर सोडू नका” या अर्थाने खरं आहे. पार्व्हो या पोटाच्या जीवघेण्या रोगाचा विषाणू मातीत कित्येक महिने टिकतो, आणि गल्लीतली कुत्री जिथे शी करतात ती जागा लस अपुरी असलेल्या पिल्लाला जिवावर बेतू शकते. पण तिसऱ्या ते साधारण चौदाव्या आठवड्यापर्यंत पिल्लाचा मेंदू जे जे शांतपणे बघतो, ऐकतो, हुंगतो, ते “नेहमीचं” म्हणून कायमचं नोंदवून ठेवतो. लसीकरण सहा ते आठ आठवड्यांना सुरू होतं, दर तीन-चार आठवड्यांनी पुढचा डोस मिळतो आणि मालिका सोळाव्या आठवड्याच्या आसपास संपते. रेबीजची लस तीन महिन्यांनंतर. म्हणजे लसी संपेपर्यंत थांबलात, तर माणसाळवण्याचा काळ हातून गेलेला असतो.

म्हणून पहिल्या लसीनंतर साधारण आठवड्याने पिल्लाला कडेवर, झोळीत किंवा टोपलीत घेऊन बाहेर पडा. पाय जमिनीला लावायचे नाहीत. रोज पंधरा मिनिटं पुरतात. टिळकवाडीत रेल्वे गेटपासून शंभर-दीडशे फुटांवर उभं राहून गाडी जाऊ द्या. शनिवारच्या बाजाराच्या तोंडाशी, गर्दीच्या बाहेर उभे राहा. देवळातली घंटा, भंगारवाल्याची हाळी, भाजीच्या गाडीवरचा भोंगा, शाळा सुटल्यावरची पोरं हे सगळं लांबून दाखवा. हेल्मेट घातलेला, बुरखा घेतलेली, काठी टेकत चालणारा, घोंगडं पांघरलेला, छत्री उघडणारा अशी वेगवेगळी माणसं दिसू द्या. गवळ्यांच्या वस्तीजवळ राहत असाल तर म्हशीही. दिवाळी पाडव्याला सजवलेल्या म्हशी पळवत नेतात, तेव्हा त्या पहिल्यांदाच बघणारा कुत्रा भेदरतो.

क्रम महत्त्वाचा आहे. आधी गोष्ट दिसावी किंवा ऐकू यावी, मग लगेच खाऊ. उलटं केलंत तर खाऊ दिसला की काहीतरी भयंकर येणार, असं पिल्लू शिकतं. पिल्लू जांभया देतंय, ओठ चाटतंय, कान मागे पाडतंय, शेपूट पोटाशी घेतंय, तर तुम्ही फार जवळ गेला आहात. आवडीचा खाऊही नाकारला तर तिथून लगेच मागे फिरा. “सवय होईल” म्हणून तिथेच धरून ठेवल्याने भीती पक्की बसते.

घरी आलेल्या लसीकरण झालेल्या, शांत, मोठ्या कुत्र्याशी भेट चालते. पशुवैद्यकीय दवाखान्यातही नुसतं जाऊन, काट्यावर उभं करून, खाऊ खाऊन परत या. सुईशिवायच्या अशा तीन-चार फेऱ्या झाल्या की पुढची दहा-बारा वर्षं दवाखान्याच्या दारात कुत्रा ओढून न्यावा लागत नाही.

३. माणसाळवणं म्हणजे सगळ्यांना हात लावू देणं, सगळ्या कुत्र्यांशी खेळू देणं, असंच ना?

नाही. या पानावरची एकच गोष्ट लक्षात ठेवणार असाल तर ही ठेवा: माणसाळलेला कुत्रा म्हणजे आजूबाजूला काहीही चाललं तरी शांत राहून दुर्लक्ष करू शकणारा कुत्रा. रस्त्यात भेटेल त्याच्याशी ज्याला खेळू दिलं जातं, तो पुढे प्रत्येक माणसाकडे, प्रत्येक कुत्र्याकडे ओढ घेतो आणि जाऊ दिलं नाही की भुंकतो. पंचवीस किलोचा लॅब्राडोर अरुंद गल्लीत प्रेमाने जरी एखाद्या म्हाताऱ्या माणसाच्या अंगावर गेला, तरी हाड मोडतं.

दहा माणसं दिसली तर एक-दोघांनाच हात लावू द्या, तेही पिल्लू स्वतःहून पुढे गेलं तर. हात डोक्यावरून नको, छातीशी किंवा हनुवटीखाली. तीन सेकंद कुरवाळायचं आणि थांबायचं. पिल्लू पुन्हा जवळ सरकलं तर त्याला हवंय, तोंड फिरवलं तर पुरे. बाकी आठ जण नुसते दिसले, खाऊ मिळाला, पुढे चाललो. गल्लीतली पोरं घोळका करतात तेव्हा “आत्ता शिकतोय तो, नंतर खेळा” असं स्पष्ट सांगा. पोरं ऐकतात, मोठ्यांनाच दोनदा सांगावं लागतं.

४. घरात कुठेही सू-शी करतो. मारून, नाक घासून पाहिलं. उपयोग नाही.

उपयोग होणारही नाही. त्यातून पिल्लू एवढंच शिकतं की तुमच्यासमोर सू करणं धोक्याचं आहे. मग ते पलंगाखाली जाऊन करतं, आणि बाहेर तुम्ही दोर धरून उभे असलात तरी करत नाही.

पिल्लाचं वय जितके महिने, त्यात एक मिळवा. साधारण तितके तास ते दिवसा धरू शकतं, तेही जास्तीत जास्त. दोन महिन्यांच्या पिल्लाला जागेपणी दर तासाला न्यावं लागतं. झोपेतून उठल्यावर लगेच, खाल्ल्यावर दहा-वीस मिनिटांत, खेळ संपल्यावर आणि रात्री झोपताना, या वेळा चुकवू नका. परसातली किंवा गच्चीवरची एकच जागा ठरवा. दोर लावून तिथे न्या, गप्प उभे राहा. काम झालं की दोन सेकंदांच्या आत, तिथेच खाऊ. घरात आल्यावर दिलेला खाऊ घरात येण्याचा होतो.

घरात झालं तर न बोलता पुसा. फिनाईल वापरू नका. आपल्याला त्या वासाने जागा स्वच्छ वाटते, पण मूत्राचा वास कुत्र्याच्या नाकाला तसाच राहतो आणि फिनाईल पायाला लागून चाटलं गेलं तर विषारी ठरतं. पाळीव प्राण्यांच्या दुकानात मिळणारं एन्झाइमचं द्रावण शिंपडून दहा मिनिटं ठेवा. ते नसेल तर व्हिनेगर आणि पाणी निम्मं-निम्मं. शहाबादी फरशीच्या सांध्यांत मूत्र मुरतं, तिथे दोनदा करा.

लक्ष ठेवणं शक्य नाही त्या वेळी पिल्लू छोट्या जागेत असावं: पिंजरा, किंवा सोप्यात लाकडी फळी आडवी लावून केलेला कोपरा. चार महिन्यांनंतरही थेंब-थेंब सू, वारंवार सू दिसली तर शिकवण्याआधी मूत्राची तपासणी करून घ्या.

५. हातापायाला सारखं चावतं. ओरडलं की जास्तच चेकाळतं.

साडेतीन ते सात महिन्यांत दुधाचे दात पडून नवे येतात, हिरड्या शिवशिवतात. त्यात पिल्लाला झोप कमी पडत असेल तर चावणं दुप्पट होतं. या वयात दिवसाला अठरा-वीस तास झोप लागते. संध्याकाळी सात-आठच्या सुमारास वेड्यासारखं चावणारं पिल्लू बहुतेक वेळा दमलेलं असतं. त्याला अंधाऱ्या, शांत कोपऱ्यात झोपवा.

चावलं की हात झटकू नका. हलणारा हात म्हणजे खेळणं. हात सैल सोडा, उठा, दाराआड जा, वीस सेकंदांनी परत या. प्रत्येक वेळी, घरातल्या प्रत्येकाने. सोबत चघळायला द्या: ओलं करून पिळून बर्फात कडक केलेलं जाड फडकं, रबरी खेळणं, थंड गाजर. जुनी चप्पल देऊ नका. जुनी आणि नवी यातला फरक पिल्लाला कळत नाही.

६. घरी मराठी, शेजारी कानडी, ट्रेनर हिंदी-इंग्रजी. आज्ञा कोणत्या भाषेत द्यायच्या?

कोणत्याही, पण घरातल्या सगळ्यांचा शब्द एकच हवा. “बस” हा शब्द मात्र टाळलेला बरा. पाहुण्याला “ये, बस”, पोराला “बस झालं आता”, रस्त्यावर “बस आली”. दिवसभर कानावर पडणाऱ्या शब्दाकडे कुत्रा दुर्लक्ष करायला शिकतो. “सिट” चालेल, कानडीतलं “कूत्को” चालेल. शब्द एकदाच म्हणा. “सिट, सिट, अरे सिट” म्हटलं की तिसऱ्या हाकेला बसायचं, अशी सवय लागते. आठ-दहा आज्ञा कागदावर लिहून फ्रिजवर चिकटवा आणि कामाला येणाऱ्या बाईंनाही सांगा.

७. अगदी पहिल्या आज्ञा कशा शिकवायच्या?

*बसणं:* खाऊ नाकासमोर धरा, हळूच डोक्यावरून मागे न्या. नाक वर गेलं की बूड खाली टेकतं. टेकलं त्याच क्षणी “शाब्बास” आणि खाऊ. पाच-सहा वेळा झाल्यावर रिकाम्या हाताने तीच खूण करा, खाऊ दुसऱ्या हातातून द्या. शब्द सर्वांत शेवटच्या टप्प्यात जोडायचा, आणि तो खुणेच्या आधी म्हणायचा.

*थांबणं:* बसल्यावर एक सेकंद, खाऊ. दोन सेकंद, खाऊ. मग एक पाऊल मागे. वेळ, अंतर आणि आजूबाजूची गडबड या तीन गोष्टी एकदम वाढवू नका. एक वाढवली की बाकीच्या दोन कमी करा. दहापैकी आठ वेळा जमलं तरच पुढची पायरी.

*सोडणं:* मुठीत खाऊ बंद करून धरा. पिल्लू चाटेल, ओरबाडेल. गप्प राहा. तोंड मागे घेतलं की दुसऱ्या हातातून दुसरा खाऊ. मग खाऊ जमिनीवर, हाताने झाकून. शेवटी उघडा. रस्त्यावर पडलेलं कोंबडीचं हाड “सोड” म्हटल्यावर सुटतं, ते या सरावामुळे.

*चटई:* हिच्याकडे लोक लक्ष देत नाहीत, आणि शहरातल्या घरात सर्वांत जास्त हीच उपयोगी पडते. ठरावीक चटई अंथरा. पाय लागला, खाऊ चटईवर टाका. बसला, खाऊ. आडवा झाला, दोन-तीन खाऊ. दोन आठवड्यांत चटई अंथरली की कुत्रा जाऊन पडतो. पाहुणे येणं, जेवणं, पूजा, पावसातले दिवस, सगळं यावर निभावतं.

एका वेळी तीन ते पाच मिनिटं, दिवसातून तीन-चार वेळा, जेवणाआधी.

८. खाऊ म्हणून काय द्यायचं? किती?

हरभऱ्याच्या दाण्याएवढा तुकडा. घरातल्या सरावाला ज्वारीच्या भाकरीचा वाळलेला तुकडा किंवा रोजच्या खाण्यातले दाणे पुरतात. रस्त्यावर उकडलेली कोंबडी, पनीर, उकडलेलं अंडं लागतं. गडबड जितकी जास्त तितका खाऊ भारी. एकूण खाऊ दिवसाच्या आहाराच्या दहाव्या हिश्श्याच्या आत ठेवा आणि तेवढं जेवण कमी करा.

द्राक्षं, बेदाणे, चॉकलेट, कांदा-लसूण, झायलिटॉल घातलेले बिनसाखरेचे पदार्थ आणि शिजवलेली हाडं कधीच नाही. कुंद्याचा एक घास विष नाही, पण त्यातल्या साखर-खव्याने पोट बिघडतं.

९. फिरायला नेलं की तोच मला ओढत नेतो.

ओढल्यावर पुढे जायला मिळतं, म्हणून ओढतो. दोर ताणला की झाडासारखे उभे राहा. दोर सैल झाला की चाला. पहिल्या दिवशी घरापासून विजेच्या खांबापर्यंत जायला पंधरा मिनिटं लागतील, लागू द्या. तुमच्या मांडीशेजारी आला की त्याच जागी, मांडीच्या शिवणीशी खाऊ द्या. पुढे हात करून दिलात तर तो पुढेच चालेल.

सामान साधं असावं: छातीवर वाय आकाराचा हार्नेस, सहा फुटांचा दोर. गळ्यातल्या पट्ट्याखाली दोन बोटं सरकली पाहिजेत. आपोआप लांबणारा दोर खडे बाजार, गणपत गल्लीसारख्या ठिकाणी नको. दुचाकी मध्ये आली तर तो आवरायला वेळ मिळत नाही. आवळणाऱ्या किंवा काट्यांच्या साखळ्या नकोतच. समोरून कुत्रा आला आणि गळ्याला कळ बसली, की त्या कळेचा दोष तो समोरच्या कुत्र्याला देतो आणि पुढच्या वेळी आधीच भुंकतो. उन्हाळ्यात निघण्याआधी पालथा हात डांबरावर सात सेकंद ठेवून बघा. तुम्हाला भाजलं तर त्यालाही भाजेल.

१०. गल्लीतली कुत्री अंगावर येतात. काठी घेऊन जाऊ का?

काठी उगारली की कळप चेकाळतो आणि तुमचा कुत्राही घाबरतो. प्रत्येक टोळीची हद्द ठरलेली असते. बहुधा एक गल्ली, दोन कोपरे आणि एक उकिरडा. आठवडाभर एकटे चालून या हद्दी बघून ठेवा. मटणाची दुकानं, हॉटेलांची मागची बाजू, कचऱ्याचे ढीग टाळून रस्ता आखा. पहाटेच्या अंधारात आणि रात्री उशिरा टोळ्या जास्त सक्रिय असतात. सकाळी उजाडल्यानंतर, रहदारी वाढण्याआधी फिरवा. कॅम्पातले रुंद रस्ते यासाठी बरे, कारण समोर कुत्रा दिसला तरी वळसा घ्यायला जागा असते.

दिसले की थांबू नका, धावू नका, टक लावून बघू नका. दोर सैल ठेवून अर्धगोल वळसा घ्या. ताणलेला दोर कुत्र्याची छाती पुढे काढतो आणि समोरच्याला ते आव्हान वाटतं. जवळ आलेच तर मूठभर दाणे त्यांच्या दिशेने, जमिनीवर पसरून फेका. त्यांची नाकं खाली गेली की तुम्ही निघा. तरी येतच राहिले तर तुम्ही आपल्या कुत्र्याच्या पुढे उभे राहून छत्री फटकन उघडा. त्याआधी छत्रीची सवय स्वतःच्या कुत्र्याला घरी लावलेली हवी.

भांडण लागलंच तर तोंडाजवळ हात घालू नका. पाणी ओता, गोणपाट किंवा जाड चादर टाका. आपल्या कुत्र्याला खरचटलं तरी जखम साबणाने धुवा आणि त्याच दिवशी डॉक्टरकडे न्या. रेबीजची लस आधी दिलेली असली तरी पुन्हा डोस लागतात.

११. हाक मारल्यावर येत नाही. मोकळं सोडून सराव करू का?

आधी बंद गच्चीवर, मग तीस फुटांच्या लांब दोरीवर. आल्यावर नेहमी काहीतरी चांगलं झालं पाहिजे. बोलावून आंघोळ घालणं, बोलावून बांधणं, बोलावून रागावणं या तिन्हींनी हाक वाया जाते. आंघोळ घालायची असेल तर स्वतः जाऊन घेऊन या. मैदानात दहा वेळा बोलावून नऊ वेळा पुन्हा खेळायला सोडा. शहरात पूर्ण मोकळं सोडण्यासारखी जागा जवळजवळ नाही, त्यामुळे लांब दोरी कायमची समजा. खानापूरच्या जंगलभागात तर दोर अजिबात काढू नका.

१२. सोसायटीवाले म्हणतात कुत्रा पाळायचा नाही, लिफ्ट वापरायची नाही.

भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाच्या २०१५च्या मार्गदर्शक सूचनांनुसार सोसायटीला ठराव करून पाळीव कुत्र्यांवर बंदी घालता येत नाही, लिफ्टही नाकारता येत नाही. पण नियम दाखवून भांडण्याआधी स्वतःची बाजू धुतलेली हवी: लसीचं कार्ड, महापालिकेकडची नोंदणी, सामायिक जागेत दोर, शी उचलायला पिशवी. लिफ्टमध्ये कुत्रा कोपऱ्यात, तुम्ही मध्ये. कोणी घाबरत असेल तर पुढच्या फेरीने जा. बहुतेक वाद भुंकण्यावरून आणि शीवरून पेटतात, म्हणून प्रश्न १३ आधी सोडवा.

१३. दिवसभर भुंकतो. शेजाऱ्यांनी तक्रार केलीय.

कशावर भुंकतो हे तीन दिवस लिहून काढा. उत्तर त्यावर ठरतं.

खिडकीतून दिसणाऱ्यावर भुंकत असेल तर खालची अर्धी काच दुधी कागदाने झाका. निम्मा प्रश्न तिथेच मिटतो. बेलवर भुंकत असेल तर बेलचा आवाज मोबाइलवर टिपून हळू वाजवा आणि प्रत्येक वेळी चटईवर खाऊ टाका. आवाज आठवडाभरात वाढवत न्या. बेल म्हणजे चटई, असं बसतं. लक्ष वेधायला भुंकत असेल तर तुम्ही आजवर उत्तर देत आला आहात. आता देऊ नका, पण गप्प झाल्यावर तीन सेकंदांत लक्ष द्या. सुरुवातीला भुंकणं वाढेल, त्या टप्प्यावर हरलात तर आणखी जोरात भुंकायला शिकवलंत. तुम्ही नसतानाच भुंकत असेल तर प्रश्न १५ पाहा.

गावाबाहेरच्या मळ्यांत कुत्रा दिवसभर साखळीला असतो आणि तो भुंकणारच. आखूड किंवा जड साखळीने अवाजवी वेळ बांधून ठेवणं हा प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा, १९६०, कलम ११ खाली गुन्हा आहे. बांधलेल्या कुत्र्याला पळून जायची वाट नसते, म्हणून चावणं हीच त्याची वाट होते. राखणीसाठी कुंपण घालून मोकळा ठेवा.

१४. आजी ताटातलं देतात, बाबा पलंगावर घेतात, मी नको म्हणतो. काय करावं?

आजींना थांबवू नका, काम द्या. ताटातलं देण्याऐवजी त्यांच्याजवळ खाऊची डबी ठेवा आणि कुत्रा चटईवर पडलेला असेल तेव्हा त्यांच्याच हातून दोन दाणे टाकू द्या. प्रेमही राहतं आणि कुत्रा ताटाभोवती घोटाळत नाही. पलंगावर चालेल की नाही हे काहीही ठरवा, पण सगळ्यांचं एकच ठरवा. कधी हो, कधी नाही, यामुळे कुत्रा रोज विचारत राहतो.

१५. दोघंही कामावर जातो. एकटा ठेवला की रडतो, दार ओरबाडतो.

आधी मोबाइलवर चित्रण करा. तासाभराने उठून चप्पल चघळत असेल तर कंटाळा आहे. सकाळचं फिरणं वाढवा, अर्धं जेवण पोकळ रबरी खेळण्यात भरून द्या. पहिल्या पाच-दहा मिनिटांतच धापा, लाळ, दाराशी झटापट दिसली तर ती एकटेपणाची भीती आहे, आणि तिथे खेळण्याने भागत नाही. चावी उचलून पुन्हा ठेवा. दार उघडून बंद करा. बाहेर पाच सेकंद, मग वीस, मग एक मिनिट. घाबरायच्या आत परत यायचं. यात आठवडे जातात आणि तोवर त्याला खरोखर एकटं ठेवायचं नाही. उद्यमबागेतल्या कारखान्यांत दोघांच्या पाळ्या असतील तर उलटसुलट घ्या किंवा शेजारच्या काकूंना विनंती करा. फार तीव्र असेल तर डॉक्टरांशी औषधाबद्दल बोला, त्यात कमीपणा नाही.

१६. खाताना जवळ गेलं की गुरगुरतो. भांडं काढून घेऊन सवय लावू का?

नको. भांडं काढून घेतल्याने त्याची शंका खरी ठरते. गुरगुरण्यावर मारूही नका. ती सूचना आहे. सूचना बंद पाडलेला कुत्रा पुढे थेट चावतो. जिथे तो अजून सैल असतो त्या अंतरावरून, समजा सहा फुटांवरून, जाता जाता कोंबडीचा तुकडा भांड्याच्या दिशेने टाका आणि निघून जा. तुम्हाला बघून शेपूट हलायला लागली की अर्धा फूट जवळ. घरात लहान मूल असेल तर हा सराव करू नका. जेवण बंद खोलीत द्या आणि जाणकार माणूस बोलवा.

१७. गणपतीत डॉल्बी, दिवाळीत फटाके. कुत्रा पलंगाखालून निघत नाही.

तयारी सहा-आठ आठवडे आधी करायची. ढोल, डॉल्बी, फटाक्यांचे आवाज मोबाइलवर इतके हळू लावा की कान हलेल पण खाणं थांबणार नाही. प्रत्येक आवाजामागे खाऊ. दोन-तीन दिवसांनी किंचित वाढवा. मात्र डॉल्बीचा हादरा छातीत आणि फरशीत जाणवतो, तो मोबाइल देऊ शकत नाही. म्हणून मिरवणुकीच्या वाटेवर घर असेल तर विसर्जनाच्या दिवशी कुत्र्याला उपनगरातल्या नातेवाइकांकडे हलवणंच योग्य. आपली मिरवणूक दुसऱ्या दिवसापर्यंत चालते, त्या हिशेबाने सोय करा. वैशाखातल्या शिवजयंतीच्या चित्ररथांनाही हेच.

घरी ठेवणार असाल तर आतली खोली, बंद खिडक्या, जाड पडदे, फुल वेगात पंखा, टीव्ही. दडायची जागा मोकळी ठेवा, ओढून काढू नका. जवळ आला तर खुशाल कुरवाळा, त्याने भीती वाढत नाही. संध्याकाळचं फिरणं उजेड असतानाच उरका आणि दोन दोर लावा. फटाक्याला घाबरून पळालेली कुत्री दूर जातात. गळ्यात फोन नंबरचा बिल्ला हवा. नुसतं अंग सुस्त पाडणारं औषध मागू नका. त्याने शरीर पडून राहतं आणि आत भीती तशीच असते. भीतीवरची औषधं वेगळी असतात, ती डॉक्टरांकडून घेऊन आधी साध्या दिवशी देऊन बघा.

१८. जून ते सप्टेंबर फिरवायचं कसं?

सू-शीसाठी दहा मिनिटं बाहेर, बाकी घरात. दाणे जुन्या टॉवेलच्या घड्यांत लपवा, खोलीभर पसरून शोधायला लावा. पंधरा मिनिटं नाकाचं काम झालं की कुत्रा चांगला दमतो. साचलेलं पाणी पिऊ देऊ नका, उंदराच्या मुतातून लेप्टोस्पायरोसिस होतो. त्याची लस घेतली आहे ना बघा. बोटांच्या बेचक्या कोरड्या करा. पावसाआधी आणि नंतर गोचिडी वाढतात. चिडचिड, जेवण सोडणं, हिरड्या फिक्या दिसल्या तर आधी रक्त तपासा.

१९. मुधोळ हाऊंड शहरात ठेवता येतो का?

येतो, पण त्याचा स्वभाव ओळखून. संस्थानिक मालोजीराव घोरपड्यांनी नावारूपाला आणलेली ही जात डोळ्याने शिकार हेरते. मांजर पळालं की हाक कानात शिरतच नाही. त्याचं डोकं मानेपेक्षा फार रुंद नसतं, साधा पट्टा मागे सरकून निसटतो. ओढ बसली की ठरावीक मर्यादेपर्यंतच आवळणारा रुंद मार्टिंगेल पट्टा लागतो. अनोळखी माणसाचा हात त्याला आवडत नाही, म्हणून प्रश्न २ मधलं काम इतर जातींपेक्षा दुप्पट करा. ओरडून शिकवाल तर तो मिटतो. आठवड्यातून दोन-तीनदा कुंपण घातलेल्या मळ्यात धावायला मिळालं तर घरात दिवसभर पडून राहतो. पिल्लू घ्यायचं तर मुधोळजवळच्या तिम्मापूरला असलेल्या श्वान संशोधन केंद्रात चौकशी करा.

२०. रॉटवायलर, पिटबुलवर बंदी आली आहे का?

केंद्राने मार्च २०२४ मध्ये तेवीस जातींबाबत परिपत्रक काढलं होतं. कर्नाटक उच्च न्यायालयाने एप्रिल २०२४ मध्ये ते रद्द केलं. पहिल्यांदाच कुत्रा पाळणाऱ्याने मात्र गल्लीतल्या घरात या जाती घेऊ नयेत. तिथे वळसा घ्यायला जागा नाही आणि एक चूक महाग पडते.

२१. रस्त्यावरचा दोन वर्षांचा गावठी आणलाय. आता शिकेल का?

शिकेल. पहिले दोन आठवडे काही शिकवू नका: ठरलेल्या वेळा, एक कोपरा, शांतता. पाहुणे नकोत, आंघोळ नको. खरा स्वभाव दिसायला तीनेक महिने लागतात. पिल्लूपणी न बघितलेल्या गोष्टींबद्दल तो कधीच बेफिकीर होणार नाही, पण सांभाळून घ्यायला शिकेल. पट्टा आणि हार्नेस दोन्हींना दोर लावा, कारण नव्या घरातून पळण्याचा धोका पहिल्या महिन्यात सर्वांत जास्त.

२२. ट्रेनर चांगला आहे हे कसं ओळखायचं?

पहिल्या भेटीत विचारा: कुत्र्याने चूक केली तर काय करता? “झटका देतो” असं उत्तर आलं तर नमस्कार करा. “महिनाभर आमच्याकडे ठेवा” हेही नको. कुत्रा तिथे शिकतो आणि तुम्ही काहीच शिकत नाही. शंभर टक्क्यांची हमी देणारा टाळा. चांगला माणूस घरातल्या सगळ्यांच्या हाती दोर देतो.

२३. आमच्याच कुत्र्याने कोणाला तरी चावलं. पुढे काय?

जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं धुवा. हळद, चुना, तिखट लावू नका. लगेच जिल्हा रुग्णालयात किंवा जवळच्या आरोग्य केंद्रात न्या. रक्त आलं असेल तर लसीसोबत इम्युनोग्लोब्युलिन (तयार प्रतिपिंडांचं इंजेक्शन) लागतं. कुत्र्याला लस दिलेली असली तरी डॉक्टरांना दाखवायचंच. कुत्र्यावर दहा दिवस नजर ठेवा. तो या काळात धडधाकट राहिला तर चावताना त्याच्या लाळेत रेबीज नव्हता. खर्च तुम्ही उचला, कार्ड दाखवा, लपवाछपवी नको.

मग कारण शोधा. नसबंदीने चावणं थांबेल ही अपेक्षा ठेवू नका, भीतीतून चावणाऱ्यावर तिचा फारसा परिणाम होत नाही. बास्केट प्रकारच्या मुसक्याची सवय लावा. त्यात कुत्र्याला धापा टाकता येतात, पाणी पिता येतं. मुसक्याच्या आत पनीर चोपडून त्याला स्वतःहून तोंड घालू द्या, पट्टी आठवड्याभराने लावा.

२४. सात-आठ वर्षांचा शांत कुत्रा अचानक गुरगुरायला लागला.

याला शिकवण्याचा प्रश्न समजू नका. सांधे, दात, कान, थायरॉइड, नजर हे आधी तपासा. जिना चढताना थबकतो का, उठताना मागचा पाय घासतो का, एका बाजूनेच चावतो का, हे मोबाइलवर टिपून दवाखान्यात दाखवा. तिथे कुत्रा अंगात ताठर होतो आणि दुखणं लपवतो, त्यामुळे घरचं चित्रण डॉक्टरांना जास्त सांगतं. घरात फरशी गुळगुळीत असेल तर त्याच्या येण्या-जाण्याच्या वाटेवर सतरंज्या अंथरा आणि तपासणी होईपर्यंत मुलांना त्याच्या झोपायच्या जागेपासून लांब ठेवा.